कोरी राहिलेली ओळ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या बसस्थानकावर उभा होतो. लातूरच्या दवाखान्यात त्यांच्या यजमानांना, बसवराज सरांना भेटायलाच निघालो होतो. "भाऊजी, आता नगा येऊ लातूरला... आम्हीच ह्यांना घेऊन गावाकडं येतोय," एवढेच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी लिंगायत रीतीप्रमाणे सरांना समाधी दिली. कपाळावरचे भस्म पाहताना मला त्यांच्या तळहातावरचा नेच्याचा पांढरा ठसा आठवत होता.

आम्ही दोघे एकाच शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो. माहूरच्या डोंगरात, सागाच्या विरळ कोरड्या जंगलात, खडकाच्या कपारीत रुपेरी नेचे, म्हणजे सिल्व्हर फर्न, वाढते. वरून हिरवे, खालून पांढऱ्या भुकटीने माखलेले. उन्हाळ्यात त्याची पाने मुठीसारखी मिटतात, पाणी मिळाले की उलगडतात. सहलीत सर एक पान तळहातावर दाबून त्याचा ठसा मुलांना दाखवत. दंडक मात्र एकच : पान कात्रीने वरून कापायचे, झाड उपटायचे नाही. कोणी उपटलेच, तर म्हणत, "अरे बाबा, ओळख करून घ्यायला आलास की मुडदा पाडायला?"

निवृत्तीनंतर माहूरच्या वाटेवरील एका खडकावर त्यांना असे नेचे सापडले, जे नेहमीच्या रुपेरी नेच्याशी जुळेना. आजाराचे निदान झाल्यावर त्याचे नाव निश्चित करणे एवढेच काम त्यांनी स्वतःसाठी राखले. परगावच्या एका अभ्यासकाला त्यांनी पाने पाठवली. उत्तर आले : या गटातील जाती देठाच्या बुडाशी असलेल्या खवल्यांवरून ओळखतात, खवले एकरंगी की दुरंगी, हे पाहिल्याशिवाय नाव सांगता येणार नाही. सरांकडची सगळी पाने वरून कापलेली होती.

मी त्यांना घेऊन माहूरला गेलो. खडकाच्या जागी खाण होती.

"लई उशीर केलात गुरुजी. त्याची खडी होऊन रस्त्यावर पडली बी," तिथला मुकादम म्हणाला.

"त्यावर बारीक पानं होती, खालून पांढरी..."

"असतील की. सुरुंग लावताना पानं कोन बघतंय?"

सर फुटक्या दगडांवर भिंग धरून फिरत राहिले. दम लागला तेव्हा खाली बसले. परतताना म्हणाले, "एक जरी उपटलं असतं, तर नाव राहिलं असतं... पण मग पोरांना इतकी वर्षं काय शिकवलं मी?"

त्यानंतर ते घराबाहेर पडले ते थेट लातूरच्या दवाखान्यात जाण्यासाठीच.

परवा वहिनींनी मला त्यांच्या टेबलाशी बसवले. जाड कागदावर ते पान चिकटवलेले होते, शेजारी भिंग. स्थळ, खडक, उंची, सगळे सरांच्या वळणदार अक्षरात. नावापुढे काही नाही.

"तुम्ही लिहा की भाऊजी. तुम्हालाबी कळतंय."

मी भिंग उचलले. पान जिथे कापले होते, तिथवर नजर नेली; देठाचे बूड त्यात नव्हतेच. न पाहिलेले लिहायचे नाही, हाही त्यांचाच दंडक. स्थळाच्या ओळीत 'आता नाही' एवढे दोन शब्द लिहिले आणि कागद वहिनींकडे दिला.

"आन् नाव?"

"ते कोरंच राहू द्या, वहिनी."