बाईचं काम बाईच करते

"बाईचं काम बाईच करते." हे चार शब्द मी फोनवर माझ्या थोरल्या भावाला सांगितले आणि ते खोटं होतं. खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. गैरसमज झाला, चुकून निघून गेलं, अशी कुठलीच पळवाट मला नाही.

हे मी गावाकडच्या मंडळींसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे जालना जिल्ह्यातून निघून अमेरिकेत कुठं कुठं जाऊन बसले त्यांच्यासाठीही. निघताना आपलं काय मागं राहिलं, हे आपण हौसेनं लिहितो. मागं राहिलेल्यांचं आपण लांबून काय मोडलं, ते लिहायला हात उचलत नाही.

मी निघालो ती सकाळ चैत्रातली. आदल्या दिवशी गावची मारुतीची यात्रा झाली होती. दादा मला सोडायला बदनापूर स्टेशनवर आला. माझी मोठी बॅग त्याच्या डोक्यावर होती आणि डोळ्यांत आदल्या दिवशीचं काजळ तसंच राहिलेलं होतं. यात्रेत दादा भारुडात सोंग काढायचा. म्हातारीचं सोंग. अंजिरी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, कमरेला कापडी बटवा. त्या म्हातारीनं आदल्या दिवशी तीन गावांची माणसं हसवून आडवी केली होती. फलाटावरचे दोन-चार लोक ओळखून हसले. एक जण म्हणाला, "काय आजीबाय, लेकाला परदेशी धाडून राह्यल्या का?" दादा बॅग खाली ठेवून लगेच कमरेत वाकला, पदर नसलेल्या डोक्यावरून पदर ओढला आणि म्हणाला, "जाऊ दे माय, घरी ऱ्हाऊन तरी कोणते दिवे लावून राह्यला?" फलाट हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी यायला अजून वेळ होता, तरी मी त्याला म्हणालो, "दादा, तू फीर आता. मोसंबीला पाणी द्यायचं असंल." तो बरं म्हणाला आणि गेला.

लाज वाटली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो हेवा होता, आणि तो जुना होता. लहानपणी मलाही भारुडाच्या मंडळात घेतलं होतं. मला टाळ दिले. माझा ताल चुकायचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पखवाजावर असायचे. त्यांनी एक दिवस सगळ्यांसमोर माझ्या हातातले टाळ काढून घेतले आणि म्हणाले, "तू अभ्यास कर बाबा. देवानं एकाला गळा देला, एकाला डोकं." लोकांना वाटलं माझं कौतुक झालं. मी डिप्लोमा केला, जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात लागलो, मग ओहायोत एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर गेलो. गावी पैसे पाठवले, घरावर स्लॅब टाकला. पण अण्णा पाहुण्यांना ओळख करून देताना आधी दादाकडं बोट करायचे. "हा आमचा कलाकार." मग माझा फोटो दाखवायचे. "हा धाकटा. अमेरिकेत ऱ्हातो."

आठेक वर्षांपूर्वीची यात्रा. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो आणि फोनवर पुतण्यानं पाठवलेली चित्रफीत आली. दादाची म्हातारी गर्दीतून फिरत होती. एकाच्या मिशा, दुसऱ्याची नवी मोटारसायकल, सरपंचाची ढेरी, सगळ्यांचा समाचार घेत होती. मग एकदम थांबली, कपाळावर हात आडवा धरून लांब बघायला लागली. "अवो, माझा धाकटा कुणी पाह्यला का? यंत्र तपासायला गेल्ता. आता म्हणं बायकू यंत्रावर जाती अन् हा भांडे तपासून राह्यला! जल्दी या रे म्हणावं, इथं बी लई खरकटे पडलेत!" काय हसले लोक. अण्णा तर पखवाजावर डोकं टेकून हसत होते.

माझ्या हातात साबणाचा फेस होता. रविवारी आमच्या जालन्याच्या पोरांच्या ग्रुपवर ती चित्रफीत फिरली. "काय साहेब, झाले का भांडे?" असं ह्यूस्टनपासून सिॲटलपर्यंत सगळ्यांनी विचारलं.

पुढच्या फोनला अण्णांनी त्या सोंगाचं कौतुक सुरू केलं आणि माझा तोल गेला. मी म्हणालो, "अण्णा, हे बंद करा आता. पन्नाशीला आला दादा, लुगडं नेसून गावभर फिरतो. इथं साधा माणूस, आपल्याकडं हमाल असतो तसला, तोसुद्धा दर महिन्याला ऑपेरा बघतो, बॅले बघतो. कोट घालून जातो. दोन-तीन तास कोणी शिट्टी मारत नाही का कोणाची टिंगल करत नाही. त्याला कला म्हणतात."

अण्णांचा फोन स्पीकरवर होता. फोन दादाकडं गेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो भांडला नाही. त्यानं एकच विचारलं.

"मंग त्याच्यात बाईचं काम कोण करतं?"

मी ते चार शब्द बोललो.

"बराबर हाय," दादा म्हणाला. "बिलकुल बराबर हाय."

आता मला काय माहीत होतं ते सांगतो. त्याच्या तीन-चार महिने आधी, नाताळाच्या सुमारास, कारखान्यात चिठ्ठ्या टाकून बॅलेची तिकिटं वाटली होती आणि ती आम्हाला लागली होती. मी, बायको आणि मुलगी गेलो. आयुष्यात पाहिलेला तो माझा पहिला बॅले. त्यात एक म्हातारी आली. घेरदार घागरा, गालांवर लाल ठिपके, मान उडवत चालणारी. ती सहा फूट उंच पुरुष होती. लपवलेलंही नव्हतं. अख्ख्या खेळात लोक सगळ्यात जास्त हसले ते तिला. मीही हसलो. मग मनात आलं की दादा याच्यापेक्षा चांगला करतो, आणि माझं हसू तिथंच आटलं. त्या अनोळखी माणसाच्या अंगावर गुलाबी दिवे सोडलेले होते, खाली चाळीस वाद्यं वाजत होती, आणि माझा पत्र्याच्या मांडवातला भाऊ तरीही त्याच्यावर मात करत होता. ते मला सहन झालं नाही.

पुढच्या वर्षी दादानं सोंग काढलं नाही. गुडघा दुखतो म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी गावानं विचारलंच नाही. म्हातारी नाही म्हटल्यावर टाळकरी पांगले. यात्रेला जालन्याहून ऑर्केस्ट्रा येऊ लागला. अण्णांनी पखवाजाला शाई लावून घेणं सोडलं. ते गेले तेव्हा पखवाज माळ्यावर होता. शेवटची तीन वर्षं त्यांनी थोरल्या मुलाचं सोंग न बघता काढली, आणि मी इकडून दर महिन्याला त्यांच्या औषधांची चौकशी करत होतो.

महिन्याला ऑपेरा बघणारा तो साधा अमेरिकन मला कधी भेटला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर डेव्ह म्हणून एक जण काम करतो. जन्म इथलाच, बाप इथलाच. अण्णा गेल्यानंतर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "तू ऑपेराला किती वेळा जातोस?" त्यानं सँडविच खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याचा पगारच विचारला. "ऑपेरा? एकदाही नाही. बॅले एकदा. पोरगी त्यात बर्फ झाली होती. चार मिनिटं." मग त्यानं टेबलावर सगळ्यांना ओरडून विचारलं. एका बाईला शाळेच्या सहलीत नेलं होतं. आमच्या साहेबाकडं वर्षाचं तिकीट होतं, ते त्याच्या बायकोनं काढलेलं, आणि तो तिथं झोपतो हे त्यानं स्वतःच सांगितलं. बाकी कोणीच नाही. कोणाला त्याची लाज नव्हती. याचासुद्धा मला हेवा वाटला. आपल्याला जे येत नाही, जे बघवत नाही, त्याचं ओझं न घेता ही माणसं सँडविच खात होती.

आमच्या गल्लीत मार्गारेट नावाच्या निवृत्त शिक्षिका राहतात. त्या मात्र खरंच जातात. वर्षातून दोनदा, चर्चच्या गाडीतून. मागच्या हिवाळ्यात त्यांची मैत्रीण आजारी पडली आणि तिचं तिकीट त्यांनी मला दिलं. ऑपेरा चालू झाला. एक जवान पोरगा प्रेमात पडून गात होता. गळा काय होता! मध्यंतरात कळलं, ती बाई होती. मी मार्गारेटना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पोरांची कामं बायकांनी गायची, ही जुनीच रीत आहे. ऑपेरात उलटसुलट चालतंच."

सभागृहात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. बसलेल्यांची डोकी बहुतेक पांढरी. मार्गारेट म्हणाल्या, "आम्ही गेलो की कोण येणार? तुमच्या गावात असं काही आहे?" मी भारूड कसं असतं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "गावातले किती लोक येतात?"

"सगळे," मी म्हणालो. "आजारी माणसाला बाजेसकट आणतात."

त्यांचे डोळे मोठे झाले. "मला तुमचा हेवा वाटतो," त्या म्हणाल्या. "या वर्षी कधी आहे?"

"बंद पडलं," मी म्हणालो.

"का?"

दुसरी घंटा झाली, दिवे मंदावले आणि मी वाचलो. पुढचा एक सूरही माझ्या कानात शिरला नाही.

या चैत्रात मी गावी गेलो. माय आता फार फिरत नाही, ओट्यावर बसलेली असते. तिला मी आधी सांगितलं. तिनं रागवावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "भांड्याच्या गोष्टीचा राग आल्ता तुला? येड्या, सोंगात ज्याचं नाव घेतेत त्याला गावातला धरतेत. ते देशमुखाचे पोरं जमीन इकून पुण्याला गेले, त्यांचं नाव कधी घेतलं का तुझ्या भावानं?" मी आठवून पाहिलं. नव्हतं घेतलं. वीस-बावीस वर्षांत मी दोन देशांचे कागद गोळा केले, त्यांतला एकही कागद मी कुठला आहे हे मायच्या त्या वाक्यासारखं सांगत नाही. ज्या जागी आपण नसताना आपली टिंगल होते ते आपलं घर, असं आता मी समजतो. माझ्या नावाची ती जागा मीच फोन करून बंद पाडली होती.

दादा मळ्यात होता. मृग बहारासाठी पाणी तोडून मोसंबी ताणावर सोडलेली, पानं कोमेजलेली. तो झाडांमधल्या वाळक्या काड्या कापत होता. आमच्याकडं त्याला सल काढणं म्हणतात. मी म्हणालो, "दादा, एक सांगायचंय."

"सांग की. पण रिकामा नको उभा राहू, ती कात्री घे."

मी सगळं सांगितलं. त्यानं काम थांबवलं नाही. पुढची काडी कापत विचारलं, "म्हंजे तिथं बी गडी म्हातारी होतेत?"

"होतात. मी डोळ्यांनी पाहिला. तुला सांगायच्या आधीच पाहिला होता."

"लोक हासले का?"

"सगळ्यात जास्त त्यालाच."

"चालत कसा होता? कंबर ताठ, का ढिली?"

मी आठवलं. "ताठ. मान तेवढी उडवायचा."

"मंग न्हाई जमलं त्याला," दादा म्हणाला. "म्हातारी मानेतून न्हाई चालत. कंबरंतून चालती." त्यानं कात्री फांदीला अडकवली आणि दोन ओळींच्या मधून चार पावलं टाकली. ना लुगडं, ना कुंकू. घामेजलेला सदरा आणि पांढऱ्या मिशा. तरी म्हातारी आली. माझ्या डोळ्यांदेखत आली. पाचव्या पावलाला गुडघा अडला आणि त्यानं झाडाचा आधार घेतला.

"आता काही ऱ्हायलं न्हाई," तो म्हणाला. "गळा बी गेला."

"तू भांडला का नाहीस माझ्याशी?"

"राग आला असता तर भांडलो असतो. लाज आल्ती मला. वाटलं, सारं जग शिकलं अन् मीच लुगडं गुंडाळून फिरून राह्यलो. अण्णा मरूस्तोर म्हणत होते, एकदा काढ, एकदा काढ."

खरं सांगतो, त्या चार पावलांच्या वेळीसुद्धा माझ्या पोटात तेच जुनं दुखलं होतं. एवढं वय झालं, भाऊ थकला, तरी ते गेलं नव्हतं. म्हणून नुसतं खोटं बोललो एवढंच सांगून मला सुटता येईना. मी कात्री खाली ठेवली.

"दादा," मी म्हणालो, "तू वाईट करत असतास तर मी खोटं बोललो नसतो. तू लई चांगलं करायचास आणि ते मला बघवलं नाही. अण्णांना मीच उपाशी ठेवलं. मला माफ कर."