ढगीचा बाप

भोकरदनला रफिकभाईंच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात बसलं की सुदाम पेंटरचा विषय निघतोच. माणूस जाऊन वर्षं झाली, किस्से कमी व्हायला हवे होते. पण झालं उलटंच! कोणी लग्नाची सीडी न्यायला येतो आणि चहा येईपर्यंत सुदामचा एखादा नवाच किस्सा सांगून जातो. त्यातले अर्धे खोटे असतात. मला कळतं, कारण मी तिथे होते. म्हणून मी आपले माझ्यासमोर घडलेलेच सांगते.

नवीन माणसासाठी आधी एवढं सांगायला हवं. आमच्याकडे केबल नवी नवी आली, तेव्हा दर रविवारी संध्याकाळी ‘ढगी’ नावाच्या म्हशीचं कार्टून लागायचं. मुंबईहून आलेलं नव्हे, इथंच बनवलेलं! पुठ्ठ्याची म्हैस, पुठ्ठ्याचे पाय. पाय जरासे सरकवायचे, कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, परत सरकवायचे. चित्रं सुदामची, कॅमेरा आणि केबल रफिकभाईंची, आणि म्हशीचा आवाज माझा. मी प्राथमिक शाळेतली बाई. घरचे अजून चिडवतात.

* * *

ढगी जन्मली ती रफिकभाईंच्या शटरवर.

दुकान उघडलं तेव्हा त्यांनी सुदामला सांगितलं, “शटरवर नवरा-नवरी काढ. हार घालताना. एकदम झकास.” सुदामनं काढले. नवरीच्या नथीतला मोतीसुद्धा चमकत होता. फक्त मागून एक म्हैस आली होती आणि नवऱ्याच्या गळ्यातला हार शांतपणे खात होती.

रफिकभाई भडकले. “अरे, माझ्याकडं लग्नं येणार का ढोरं येणार?”

तोवर रस्त्यावर ही गर्दी! बाजाराला आलेली माणसं सायकली लावून बघत होती. म्हशीच्या डोळ्यांत असा भाव होता की आपण काही चुकीचं करतोय, हे तिला पटतच नव्हतं.

रफिकभाईंनी जरा वेळ गर्दीकडे बघितलं आणि म्हणाले, “सुदाम, पुसायचंच असंल तर नवरा-नवरी पुस.”

* * *

माझी भरती कशी झाली तेही सांगते. मी दुकानात भाचीच्या लग्नाची कॅसेट मागायला गेल्ते. तिसरी चक्कर होती, कॅसेट तयार नव्हती. मी रफिकभाईंना जे काही ऐकवलं, ते आता लिहिण्यासारखं नाही.

कोपऱ्यात सुदाम पुठ्ठा कापत होता. तो कात्री टाकून उठला. “भाई, सापडला! हाच आवाज पाहिजे!”

मी खूश झाले. विचारलं, “कोणाचा?”

“म्हशीचा.”

मी तडक घरी. जेवलेसुद्धा नाही. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं, वाटलं हे जाऊन त्याची खरडपट्टी काढतील. हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “जा की. मी रोज ऐकून राह्यलो. गावाला बी जरा ऐकू दे.”

* * *

हे काम काय होतं हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सुदाम ओणवा होऊन तासन्‌तास पुठ्ठ्याचा एक कान हलवायचा. पंखा बंद, कारण वाऱ्यानं म्हैस उडायची. घामाचा थेंब चित्रावर पडू नये म्हणून डोक्याला पंचा. आम्ही श्वास रोखून उभे! आणि रविवारी पडद्यावर तो कान हलला की वाटायचं, हिला आता खरंच काहीतरी ऐकू आलं.

एका भागात ढगी जालन्याच्या एसटीत चढते. कंडक्टर म्हणतो, “मागं सरका, मागं सरका,” आणि ढगी बिचारी सरकत सरकत मागच्या दारानं खाली उतरते. गाडी निघून जाते! एवढीच गोष्ट. पण गाडी गेल्यावर तिनं मान वळवून जे बघितलं ना, त्यावर गाव आठवडाभर हसत होतं.

एक खराखुरा कंडक्टर दुकानात तक्रार घेऊन आला. “भाई, बंद करा राव हे! मी ‘मागं सरका’ म्हटलं की पब्लिक हंबरून राह्यली!”

* * *

आता दुसरी बाजू. सुदामला लेकरं बिलकुल आवडायची नाहीत.

मी एकदा हौसेनं माझा चौथीचा वर्ग त्याला भेटायला नेला. पोरांच्या हातात झेंडूची फुलं. एका पोरीनं ढगीच्या शेपटीला बोट लावलं मात्र, सुदाम असा ओरडला की पोरी रडायलाच लागल्या. तोंडाला दारूचा वास. “भायेर! सगळे भायेर व्हा!” फुलं तिथंच सांडली. मी पोरांना घेऊन परत आले आणि ठरवलं, ह्या माणसाचं तोंड बघायचं नाही.

पुढच्या भागाची कथा रफिकभाईंनी वाचून दाखवली. एक झिंगलेला माणूस वासरांवर ओरडतो. ढगी शांतपणे मागून येते आणि त्याला शेणाच्या उकिरड्यात ढकलते. चित्र बघितलं तर तीच दाढी, तोच डोक्याला गुंडाळलेला पंचा!

मी न राहवून विचारलं, “सुदामभाऊ, हे तर तुम्हीच.”

“मंग? दुसऱ्या कोणाला ढकलू?”

* * *

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं तसं नाही.

एका पावसाळ्यात सुदामची बायको कांतावहिनी पोरीला घेऊन धावड्याला माहेरी निघून गेली. डोळ्याखाली काळंनिळं होतं. पिऊन त्यानं हात उचलला होता, आणि ती पहिली वेळ नव्हती.

रफिकभाईंनी ढगी बंद केली. म्हणाले, “ज्या हातानं वहिनीला मारलं, त्या हाताची म्हैस माझ्या केबलवर दिसणार न्हाई.” मीही म्हटलं, बराबर आहे, मी आवाज देणार नाही. सुदाम दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. कोणी बोलायचं नाही.

गावात दोन तट पडले. काही म्हणत, घरातल्या भानगडीचा आणि कार्टूनचा काय संबंध? काही म्हणत, भाईनं चांगलं केलं. माझ्या वर्गातली पोरं विचारायची, “बाई, ढगी आजारी हाय का?”

अशात एक दिवस धावड्याच्या गाडीनं कांतावहिनी उतरली ती सरळ दुकानात. मी होतेच.

“भाई, म्हैस कामून बंद केली?”

रफिकभाई गडबडले. “वहिनी, तुमच्यासाठीच तर...”

“मला इचारलं का? मारलं त्यानं. म्हशीनं न्हाई मारलं. अन् ढगी काय त्याच्या एकट्याची हाय का? आमच्या धावड्याच्या म्हशीवरून काढलेली हाय ती. ती रुसती कशी, पाण्यात बसती कशी, समदं मी सांगितलेलं. माझी म्हैस कामून बंद?”

रफिकभाई हळूच म्हणाले, “मंग तुम्ही परत आल्या समजायचं का?”

“बिलकुल न्हाई! मी नांदायला न्हाई आले. म्हशीचं बोलायला आले. संध्याकाळच्या गाडीनं चालले वापस.”

तिनं चहा घेतला, पदर सारखा केला आणि जाता जाता माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता माझे आभार मानणार.

“अन् बाई, मागल्या टायमाला तुम्ही हंबरल्या ते गाईवानी हंबरल्या. जरा ध्यान द्या.”

* * *

ढगी केबलवर परत सुरू झाली, पण कांतावहिनी नांदायला आली नाही ती नाहीच. धावड्याला शिवणकाम करायची. तिकडे केबल नव्हती, पण भावाच्या घरी व्हीसीआर होता. म्हणून रफिकभाई नवीन भागाची कॅसेट एसटीनं पाठवायचे.

एकदा सुदाम म्हणाला, मीच घेऊन जातो. त्या दिवशी प्यालेला नव्हता, धुतलेला सदरा घातला होता. दारात सासरे उभे. त्यांनी कॅसेट घेतली आणि आत हाक मारली, “कांते, कॅसेट आलीये.” मग सुदामला म्हणाले, “तुम्ही इथंच ओट्यावर बसा.” आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी परत आला तर चेहरा वेगळाच. रफिकभाईंनी विचारलं, “काय रे, भेटली का?”

“न्हाई. आत घेतलंच न्हाई.”

“मंग एवढा खूश कामून?”

“भाई, मी दाराला कान लावून बसल्तो. ढगी खिडकीतून डोकं काढती ना, त्यांची धावड्याची म्हैस काढायची तसं, तिथं दुसरं कोणीच हसलं न्हाई. तिथं फक्त ती हसली.”

* * *

सुदाम शेवटी लिव्हरनं गेला. दारू सुटली नाही. त्याच्या आजारपणात कांतावहिनी आली नाही, आणि त्यावरून तिला कोणी नावं ठेवली की रफिकभाई अंगावर धावून जायचे.

नंतर टेंभुर्णीच्या एका शाळेत त्याच्या आठवणीसाठी कार्यक्रम ठेवला. दुपारची वेळ, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला, भिंतीवर पांढरी चादर. पोरं खाली दाटीवाटीनं बसलेली. कांतावहिनीला आग्रह करकरून आणून स्टेजवर बसवलं होतं.

भाषणं सुरू झाली. एक पाहुणे म्हणाले, सुदामराव म्हणजे देवमाणूस. दुसरे म्हणाले, लेकरांवर त्यांचा भारी जीव. तिसऱ्यांनी तर कहर केला. म्हणाले, त्यांचा संसार म्हणजे तरुणांपुढे आदर्श! मी आणि रफिकभाई जमिनीकडे बघत बसलो.

मग सूत्रसंचालक म्हणाले, “आता त्यांच्या पत्नी दोन शब्द बोलतील.”

कांतावहिनी उठली. माईक हातात घेतला.

“हे कोणाबद्दल बोलून राह्यले मला कळंना,” ती म्हणाली. “माझा नवरा असा नव्हता.”

पाहुण्यांनी हारात तोंड लपवलं.

“लाइट बंद करा. ढगी लावा.”

आणि ती स्टेजवरून खाली उतरली, चपला काढल्या आणि पुढच्या रांगेत पोरांच्या मधे मांडी घालून बसली.

ढगी सुरू झाली. पोरं खिदळत होती. त्यांच्या वरताण आवाज कांतावहिनीचा! हसता हसता शेजारच्या पोराच्या पाठीत थापा मारत होती. कार्यक्रम संपला, कोणीतरी लाइट लावले, पाहुणे चपला शोधायला लागले.

कांतावहिनी जागची हलली नाही. मागे वळून रफिकभाईंना म्हणाली,

“भाई, परत लावा.”