कोरोतिमीचा गुराखी

माझी थोरली जाऊ कोरोतिमी काही देवी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माणूस मेलं की लोक फार गोड बोलायला लागतात. ती तोंडाची फाटकी होती, तिच्या हातच्या बाजरीच्या उकडीत हमखास गुठळ्या असायच्या, आणि रागावली की हातात असेल ते फेकून मारायची.

पण ओढ्याकाठची बाग तिची. ज्या वर्षी कोठारं पावसाआधीच रिकामी झाली आणि तिची धाकटी पोर उपासाने गेली, त्या वर्षी ती गावच्या मुख्याच्या दारात जाऊन बसली, जागा मिळेपर्यंत उठली नाही. पुरुष हसले. आम्ही सगळ्या बायकांनी काट्यांचं कुंपण घातलं, विहिरी खणल्या, कांदा लावला, भेंडी, अंबाडी, वांगी लावली. तेव्हापासून उन्हाळ्यात गावातल्या एकाही घरची चूल थंड राहिली नाही.

बागेला खत पुरवायचा सांबा, पलीकडच्या माळावरचा फुलानी गुराखी. कांदा निघाला की त्याच्या गायी तिथे बसायच्या, बदल्यात आम्ही त्याला पाला द्यायचो. आम्हा शेतकरी बोबोंचं आणि गुरं राखणाऱ्या फुलान्यांचं नातं थट्टेचं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. रागावला तो आपल्या वाडवडिलांचा नाही, आणि त्या नात्यात रक्त सांडलं तर सात पिढ्या भोगायच्या. कोरोतिमी आणि सांबा तर रोज सकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांची लाज काढायचे. चोरीचा आळ घेतला की तो नाकारायचा नाही, उलट फुगवून कबूल करायचा. गंमतच ती.

त्या सकाळी आम्ही बागेत गेलो तर कुंपण आडवं पडलेलं आणि वाफ्यांचा चिखल झालेला. उत्तरेकडून परक्यांचे कळप उतरले होते, त्यांच्यापैकी कुणीतरी रात्री गुरं घातली होती. कांद्याची पात मुळासकट गेली होती. बायका ऊर बडवायला लागल्या, ते ऐकून पुरुष कोयते घेऊन धावत आले. एवढ्यात सांबा नेहमीसारखा गायी हाकत पायवाटेने आला. उरल्यासुरल्या कुंपणाआडून त्याला आतलं काही दिसत नव्हतं, गायींच्या हंबरण्यात रडणंही ऐकू आलं नसावं.

कोरोतिमीच्या तोंडून सवयीने गेलं, "काय रे चोरा, भरली का तुझ्या गायींची पोटं?"

"भरली की गं बटके. कांदा मात्र बेचव होता. उद्या भेंडीला आणतो."

तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पण माझा नवरा लासिना कित्येक वर्षं आयव्हरी कोस्टला कोकोच्या मळ्यात राबून नुकताच परतलेला. त्याच्या कानाला ही भाषा ओळखीची राहिली नव्हती. चोर स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय म्हणत त्याने कुंपणाचा खुंट उपटला आणि सांबाच्या डोक्यात घातला.

मग कुणी कुणाचं ऐकेना. गायींच्या पायांच्या नसा तोडल्या. एका गाभणीच्या पोटावर कोयता बसला, ती बसल्या जागी हंबरत राहिली. सांबा धुळीत पडला होता, त्याला लाथा बसत होत्या, दात तुटून ओठात रुतले होते. कोरोतिमी घसा फोडून सांगत होती की तो थट्टा करतोय. शेवटी ती त्याच्यावर आडवी पडली.

"माझा गुलाम आहे हा," ती म्हणाली. "मारायचा तर आधी माझ्याकडून विकत घ्या."

बाकीचे थांबले. नात्याचा शब्द आला की थांबायचं असतं. लासिनाने खुंट टाकून कोयता घेतला होता, तो वर गेलेला होता, तो खाली आला. तिच्या मानेत. माझ्याच नवऱ्याचा हात तो, कुणाला काय लपवू?

पुरायच्या वेळी गावातले पुरुष बंदुका घेऊन उभे होते, फुलानी सूड घ्यायला येणार म्हणून. आला एकटा सांबा, डोक्याला फडकं बांधून. तो सरळ खड्ड्यात उतरला आणि आडवा झाला. आमच्यात थट्टेच्या नातेवाइकाने हे करायचंच असतं. मग लोक हसतात, मनधरणी करतात, हातावर काहीतरी ठेवतात आणि तो उठतो.

"माझी बटीक आहे," तो आतून म्हणाला. "मला न विचारता पुरताय?"

कुणीही हसलं नाही. मग त्याने लासिनाला हात द्यायला सांगितलं. लासिना वाकला, आणि सांबाने त्याला खेचून आत पाडला. छातीवर गुडघा रोवला. गुराख्याचा सुरा कमरेला होता, तो सगळ्यांना दिसला. मी बायको असून जागची हलले नाही. खरं सांगू? मला वाटलं, घाल.

"गार आहे रे इथे," सांबा म्हणाला. "तिला इथेच निजायचंय. जरा पडून बघ."

तो आपला आपण वर चढला आणि काठी टेकत निघून गेला. उरलेल्या गायी घेऊन त्याने माळ सोडला, तो परत आमच्याकडे फिरकला नाही.

लासिना खड्ड्यात तोंड मातीत खुपसून ढसाढसा रडत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, पडू दे. ऊन डोक्यावर येईपर्यंत कोरोतिमी चटईवर ताटकळत राहिली आणि माझा नवरा तिच्या जागेवर पडून राहिला. अखेर मीच हात दिला, कारण तिला ठेवायचं होतं.