तिथीला वाजलेली तबकडी

सकाळी साडेसहाला ड्युटी रूमच्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. पायांत मिलिटरीचे बूट, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि हातात माझ्याच अक्षरातलं पोस्टकार्ड.

“बाई, आमच्या तात्याची तबकडी आज किती वाजता लागनार?”

मी क्यू शीट पाहिलं. मुलांनो, क्यू शीट म्हणजे रेडिओच्या त्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा कागद. त्यावर जे नाही ते हवेत जात नाही.

“आज नाही,” मी म्हणाले. “अजून तीन आठवड्यांनी. कार्डावर तारीख लिहिली आहे मी.”

“तारीख मी वाचलीया बाई. पर गाव आज बसलंय.”

“म्हणजे?”

“देवळापुढं. सतरंज्या टाकून. जत्रंचा कर्णा हाय, त्येला पंचायतीचा रेडिओ जोडलाय. आक्खं गाव हाय, पै-पाव्हनं हायत. सातशे मानूस तरी आसंल.”

मी घड्याळ पाहिलं. कार्यक्रम पावणेआठला होता.

आता थोडं मागचं सांगते. सत्तरीच्या दशकात मी सांगलीला रेडिओ केंद्रावर नोकरीला होते हे तुम्हाला माहीत आहे. माझ्याकडे ग्रामोफोन लायब्ररी होती, आणि रोज सकाळी दहा मिनिटांचा एक कार्यक्रम होता. त्या तारखेला लोकांच्या आवडत्या गाण्यांच्या दुनियेत काय घडलं, ते सांगायचं आणि त्याला शोभेलशी एक तबकडी लावायची. कुणा संगीतकाराचा जन्म, कुठल्या बोलपटातलं पहिलं गाणं, एखाद्या गायिकेची पहिली मैफल. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक कार्ड. कार्डं मी स्वतः टाइप करत असे, आणि सांगायला हरकत नाही, त्या पेट्यांचा मला फार अभिमान होता. आता तुम्ही फोनवर तारीख दाबली की सगळं दिसतं. तेव्हा तो फोन म्हणजे मी.

काही दिवसांना मात्र कार्डच नव्हतं. त्यासाठी मी आपल्या भागातले जुने गायक शोधायला लागले. लायब्ररीत मला मोटेवरच्या गाण्याची एक जुनी तबकडी सापडली. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायचं चामड्याचं मोठं भांडं. ते बैल ओढत, आणि बैल हाकणारा माणूस गाणं म्हणत असे. लेबलवर गायकाचं आणि गावाचं नाव होतं. गाव आष्ट्याच्या पुढचं. तारीख नव्हती. मी गायकाला पत्र टाकलं. उत्तर आलं: ‘जत्रेचा दुसरा दिवस होता. गावात कुस्त्यांचं मैदान, आणि मी मुंबईत माईकपुढं. एवढं एकच मैदान माझं चुकलं, म्हणून ध्यानात आहे. चैत्र वद्य अष्टमी.’ आणि साल.

तिथी वर्षागणिक मागेपुढे सरकते, तारीख जागची हलत नाही. म्हणून मी वाईच्या एका शास्त्र्यांकडून त्या सालचं पंचांग मागवलं आणि तारीख काढली. ती मे महिन्याच्या अगदी सुरुवातीची निघाली. कार्ड टाइप केलं, गायकाला तारीख कळवली आणि विषय संपवला.

यंदा जत्रा एप्रिलमध्येच आली होती, आणि आज तिचा दुसरा दिवस होता.

“पण तुमच्या तात्यांना तारीख दिसली नाही का?” मी विचारलं.

“दिसली की. मास्तरांनी वाचून दावली. तात्या म्हनला, बाईंनी तारीख चुकीची लिवली, शिकल्याल्या मान्साकडनं व्हतंय. दिवस आजचाच.”

माझा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, “मला पटतंय बाई. मी मिलिटरीत हाय, हवालदार. आमाला तारीख चुकवून चालत न्हाई. म्हनून तर पयल्या गाडीनं चौकशीला आलो, तात्याला न सांगता. चुलता लागतो माझा.”

“मग परत जाऊन सांगा त्यांना, की तीन आठवड्यांनी...”

“आवं, सांगून कसं भागंल?” तो थांबला. “आमच्या गावात कुनी थाप मारली की काय म्हनत्यात ठावं हाय? ‘ही तात्याची तबकडी.’ चाळीस वर्सं झाली. त्यानं गानं म्हनलं, कंपनीनं एक तबकडी दिली. गावात फोनो कुनाकडंच नव्हता. वाजवायची कशावर? आन् एक दिवस पाव्हना तिच्यावर बसला.”

“फुटली?”

“चार तुकडं. तवापासनं कुनी पोरगी बगितली म्हनलं, घोडा घेतला म्हनलं, की लोक हसत्यात: तात्याची तबकडी. आज म्हाताऱ्यानं सोताहून समद्यांस्नी बोलावून बसवलंय. आज न्हाई वाजली, तर मान वर करून फिरायचा न्हाई त्यो. तीन आठवड्यांनी वाजवून काय उपेग? लोक ऊस बघत्याल का रेडिओ ऐकत्याल? मी बी तवा सरहद्दीवर.”

मला एकदम आठवलं की वाईला आमच्या आईनं मला आयुष्यभर तिथीलाच ओवाळलं. तारखेचा वाढदिवस मी फक्त फॉर्मवर लिहीत आले होते. हे मला पोस्टकार्ड लिहिताना सुचायला हवं होतं.

“बसा इथे,” मी म्हणाले, आणि क्यू शीट घेऊन निघाले.

क्यू शीटमधला बदल केंद्र संचालकांच्या सहीशिवाय होत नसे. देशपांडे साहेब आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहत. शिस्तीचे होते, पण माणूस चांगला. वहिनींनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, “शीर्षासनात आहेत. बारा मिनिटं करतात. मध्ये बोललेलं चालत नाही.”

“किती झाली?”

“पाच.”

मी सरळ आत गेले. साहेब भिंतीशी उलटे उभे होते. पायजमा घसरू नये म्हणून घोट्यांशी दोऱ्या बांधलेल्या. मी चप्पल काढून त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले, म्हणजे निदान डोळ्यांत बघून बोलता येईल.

“साहेब, आजच्या कार्यक्रमात बदल हवा आहे.”

“मिसेस आगाशे,” साहेब खालून म्हणाले, “सात मिनिटांनी.”

“सात मिनिटं मला आहेत. त्या गावाला नाहीत.” आणि मी सगळं सांगितलं, जितकं थोडक्यात जमेल तितकं.

साहेबांचा चेहरा आधीच लाल होता, त्यामुळे रागावले की नाही ते कळेना.

“तुमची तारीख बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

“मग चूक त्यांची.”

“हो साहेब. पण चुकीच्या बाजूला सातशे माणसं बसली आहेत, आणि बरोबर बाजूला मी एकटी.”

पाय जरा हलले. “आज कुणाचं कार्ड आहे?”

“एका संगीतकाराचा जन्मदिवस आहे.”

“मग त्यांच्यावर अन्याय नाही का?”

“ते वारले साहेब. ते पत्र पाठवणार नाहीत. तात्या हयात आहेत.”

साहेब धपकन पाय सोडून खाली आले. मी नोकरीत असेपर्यंत शीर्षासन अर्धवट सोडल्याची ती एकच नोंद. “पेन द्या,” म्हणाले. सही जरा तिरकी आली, डोकं अजून जागेवर बसलं नसावं. “पण मेमधला कार्यक्रम रेडिओच्या पाक्षिकात छापून गेला आहे. तोही करावा लागेल. एकच तबकडी दोनदा. त्याचा खुलासा तुम्ही द्यायचा.”

लायब्ररीत जाऊन तबकडी काढेपर्यंत सव्वासात झाले. आमचे टेक्निशियन शेखभाई, मिरजेचे. त्यांनी तबकडी फडक्यानं पुसली, उजेडात तिरकी धरली आणि जिभेनं च्यक् केलं.

“बाई, हिला ओरखडा आहे. मी तुम्हाला पुढच्या आठवड्यात टेपवर उतरवून देणार होतो.”

सांगते. त्या जुन्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे फिरत आणि तीन मिनिटांत संपत. सुई एका लांबलचक गोल खाचेतून आत आत जाते. खाचेवर ओरखडा असला तर सुई पुढे जायचं सोडून मागच्याच फेऱ्यात पडते, आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. टेपवर उतरवून घेतलं की तो जास्तीचा भाग ब्लेडनं कापून जोड देता येतो. त्याला वेळ लागतो. आमच्याकडे तो नव्हता.

शेखभाईंनी एकदा वाजवून पाहिली. दोन मिनिटं छान. मग बैलाला घातलेली साद आली, ‘चल राजा’, आणि सुई तिथेच बसली. चल राजा, चल राजा, चल राजा. शेखभाईंनी सुईच्या दांडीला बोटानं हलकीशी टिचकी मारली. सुई उडाली ती थेट गाण्याच्या शेवटावर.

“जोर जास्त झाला,” ते म्हणाले. “हवेत असताना नीट मारतो.”

“आणि नीट नाही बसलं तर?”

“तर तुम्ही बोला काहीतरी. तुम्हाला बोलता येतं.”

पावणेआठला लाल दिवा लागला. मी गायकाचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, आणि म्हणाले, की आजच्याच तिथीला, गावची जत्रा चुकवून, त्यांनी हे गाणं मुंबईला जाऊन म्हटलं. काचेपलीकडे हवालदार अटेन्शनमध्ये उभा राहिला. खुर्ची होती, पण बसेना.

गाणं सुरू झालं. खरखरीमागून एक तरणा, मोकळा आवाज. विहिरीवर उभं राहून म्हटल्यासारखा. मी मिनिटं मोजत होते. दुसरं मिनिट संपलं आणि ठरल्या जागी आलो.

चल राजा. चल राजा. चल राजा.

शेखभाईंचं बोट दांडीवर येऊन थांबलं. मघाच्या टिचकीनं ते घाबरले होते. बोट पुढे जाई, मागे येई. मी काचेतून हातवारे करत होते. तेवढ्यात टेलिफोनचा दिवा पेटला. स्टुडिओत घंटी वाजत नाही, दिवा लागतो. तो साहेबांचाच असणार म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली. मी मोजलं: अकरा वेळा. बाराव्याला शेखभाईंनी डोळे मिटून बोट टेकवलं, आणि सुई अगदी अलगद पुढच्या खाचेत उतरली. गाणं शेवटपर्यंत गेलं.

मी बाहेर आले तेव्हा माझ्या ब्लाउजची पाठ भिजली होती. “हवालदार, माफ करा. मध्ये जरा गडबड झाली.”

“आवाज त्योच हाय बाई,” तो म्हणाला. त्यानं मला कडक सलाम ठोकला, शेखभाईंना ठोकला, आणि एसटी गाठायला पळाला.

साहेबांचा मेमो दुपारी आला. ‘तेच दोन शब्द अकरा वेळा प्रसारित झाल्याचा लेखी खुलासा द्यावा.’ मी तीन परिच्छेदांचा खुलासा दिला, इंग्रजीत, कारण माझं चुकलेलं असलं की मला इंग्रजी बरं पडतं.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले. बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस. खांद्यावर गुळाची अख्खी ढेप. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली तशी टेबल करकरलं.

“तात्या, मला माफ करा,” मी म्हणाले. “तुमचं गाणं मध्येच अडकलं.”

“अडकलं? आवं बाई, त्यानंच तर माजी लाज राखली!”

“ती कशी?”

“तुमी नाव घेतलं, गाव घेतलं. समदी गप. गानं लागलं. तर तालमीतला एक म्हनतोय, नाव तात्याचं, पर आवाज कशावरनं तात्याचा? तरन्या मान्साचा दिसतोय. दुसरा म्हनला, कंपनीनं दुसऱ्याकडनं म्हनून घेतलं आसंल. मला घाम फुटला. आन् तेवढ्यात बैल आडला.”

“बैल?”

“चल राजा, चल राजा, हालंनाच की! एक म्हातारा वरडला, आरं, तात्याचा बैल आडला! समदं गाव हसाय लागलं. मी उटलो, कर्न्याखाली जाऊन हुबा ऱ्हायलो आन् मी बी हाळी दिली, चल राजा! एकदा कर्ना, एकदा मी. एकदा कर्ना, एकदा मी. तीन-चार डाव झालं. आवाज माजा बसलाय बाई, लपवून काय करू. पर हाळीचं वळन कुटं जातंय? त्येच वळन! त्यो तालमीतला खाली बसला. आन् मग बैल चालला, तवा काय टोप्या उडाल्या म्हनता!”

“म्हणजे आता थापेला काय म्हणतात गावात?” शेखभाईंनी विचारलं.

“आजून ठरलं न्हाई,” तात्या म्हणाले. “पर तबकडीवर बसल्याल्या त्या पाव्हन्याचं नाव निगालंय.”

गूळ आम्ही केंद्रावर सगळ्यांनी वाटून घेतला. साहेबांनी भेटवस्तू स्वीकारण्याचा नियम दाखवला आणि मग आपला वाटा डब्यात भरून नेला.

मेमध्ये ठरल्या तारखेला तोच कार्यक्रम पुन्हा झाला. या वेळी शेखभाईंनी तबकडी टेपवर उतरवली होती, एक ठेवून बाकीचे ‘चल राजा’ ब्लेडनं कापून असा जोड दिला होता, की तो कुठे आहे ते मलाही ऐकून सांगता आलं नसतं. माझ्या दृष्टीनं तो आमचा आदर्श कार्यक्रम होता. तारीख बरोबर, तबकडी स्वच्छ, वेळ अचूक.

आठवड्यानं लिफाफा आला. खाली दोन पानं भरून सह्या आणि अंगठे. ‘आमच्या तात्यांच्या गाण्यातली मधली मोठी जागा केंद्रानं गाळली. जिथं बैल अडतो तीच खरी गाण्याची मजा. कलाकारावर असा अन्याय करू नये. पूर्ण गाणं पुन्हा लावावं, आणि तेही जत्रेला.’

मी ते पत्र साहेबांकडे नेलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि समासात शेरा मारला: ‘यापुढे बैल अडू द्यावा.’ खाली सही. या खेपेला सरळ आली.

पुढे दर जत्रेला शेखभाई मूळ तबकडी वाजवत आणि हात मांडीवर ठेवून अकरा मोजत.

त्या वर्षी मी सगळी कार्डं नव्यानं टाइप केली. डाव्या कोपऱ्यात तारीख, उजव्या कोपऱ्यात तिथी. सहा महिने लागले. यातून मी शिकले ते एवढंच: कुणाचा दिवस साजरा करायचा असेल, तर हिशोब आपला कितीही बिनचूक असो, त्या दिवशी ती माणसं रेडिओपाशी बसणार आहेत का, हे आधी विचारून घ्यावं.