हिराबाईचं गाणं, यिडिश बँडवर

हिराबाईबरोबर मी शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले, भिजवलेले वाल. ती दहा सोलायची तोवर माझा एक व्हायचा, आणि तोही उडून कपाटामागे जायचा! "तुमी नुसते बसा," म्हणाली आणि गुणगुणायला लागली. रोज दुपारी तीच चाल. मी म्हणालो, "बास कर गं, कान किटले." दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझं शेवटचं बोलणं काय, तर कान किटले! (माणसानं तोंड उघडण्याआधी पंचांग बघावं.)

मग घर गप्प झालं. पातेलं पडलं तरी बरं वाटायचं. आणि नेमकी ती चाल काही केल्या आठवेना. सुरुवात यायची, पुढचं सांडायचं. हिराची धाकटी बहीण कमळी आमच्याच पोशीरात, पुढच्या आळीत दिलेली. दोघी मूळच्या खालापूरच्या. तिच्यापुढे जाऊन गुणगुणलो. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "दाजी, दाढ दुखती का? लवंग देऊ?"

मी कळंबच्या एका रिसॉर्टवर वॉचमन. ड्युटी सकाळी सात ते तीन. शिक्षण चौथी (शिट्टी वाजवायला तेही जास्तच होतं). तिथे एक बँड उतरला. एकाच्या गळ्यात पेटी, एकाजवळ माणसाएवढं व्हायोलिन, आणि एक गोरा लंबू, त्याच्या तोंडाला काळी लांब पिपाणी. ती अशी वाजायची, की लग्न लागतंय का पोर सासरी चाललीय तेच कळू नये. गाणारी पोरगी तेवढी आपल्याकडची. नाव रिबेका.

"कसलं गाणं गं हे, पोरी?"

"यिडिश, आजोबा."

"या दिशी हे? मग बाकीच्या दिशी काय वाजवता?"

पोरगी पायरीवरच बसली हसत. "यिडिश हे भाषेचं नाव आहे. तिकडच्या, युरोपातल्या ज्यूंची भाषा. माझी नाही हो. आम्ही इकडचे ज्यू, कोकणातले शनवार तेली. आमच्या घरात मराठीच. ही मी शिकले."

"का? मराठी संपली?"

"ही संपत आली, आजोबा. गाणारी माणसं मारली गेली, उरली ती म्हातारी झाली. त्यांच्याकडून आम्ही गाणी गोळा करतो आणि परत वाजवतो."

"म्हंजे मेलेली गाणी उठवता?"

"तसंच म्हणा."

"मग आमच्या मंडळीचं एक हाय," मी म्हणालो. "तेवढं उठवा."

लंबूनं मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. मी गुणगुणलो. त्यानं मान हलवली, "वन्स मोर." परत गुणगुणलो, तर वेगळंच आलं! चार वेळा म्हटलं, चार गाणी झाली. बिचाऱ्यानं चारही लिहून घेतली.

"शब्द आठवतात का?" रिबेकानं विचारलं.

"'बायांनो' हाय कुठंतरी. आणि शेवटाला 'हातात'."

"बायांनो... हातात..." तिचे डोळे चमकले. "हळदीचं असेल. बांगड्या भरायचं!"

आता सांगा, एवढी शिकलेली पोरगी म्हणते म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? लंबूनं तीन दिवस खपून चार गाण्यांतनं एक काढलं. रविवारी हिरवळीवर कार्यक्रम. मी मॅनेजरच्या हातापाया पडून गावातल्या वीस बायका आणवल्या. इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या खुर्चीत बसलो.

आधी यिडिश झालं. मग रिबेका माइकवर म्हणाली, "आता पोशीर गावच्या हिराबाईंचं, विस्मरणात गेलेलं हळदीचं गाणं." लंबूनं पिपाणी लावली.

तीच चाल! अगदी तीच! वाल, टोपली, हिराची पाठ, सगळं समोर आलं. मी रुमाल शोधू लागलो. मागे बायकाही हुंदके देत होत्या. मला भरून आलं. गावाचं काय प्रेम! मागे वळून बघतो तर बायका तोंडात पदर कोंबून हसतायत! कमळी तर खुर्चीवरून घसरायच्या बेतात.

"कमळे! लाज वाटती का?"

"दाजी," ती डोळे पुसत ओरडली, "अवो, हळद कसली? घंटागाडीचं गाणं हाय ते! कचऱ्याच्या!"

आणि वीस बायकांनी एका सुरात उचललं,

"ओला हिरव्यात, सुका निळ्यात,
चला गं बायांनो, बादली हातात!"

रिसॉर्टच्या पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रम असाच बसवलाय. तेही टाळ्या वाजवत उठले. कुणीतरी गोल धरला. लंबू तर असा रंगात आला की थांबेचना! मुंबईची माणसं हळदीचं म्हणून कचऱ्यावर नाचत होती, आणि मी मधोमध खुर्चीत, रुमाल हातात.

शेवटी रिबेका शेजारी येऊन बसली. "आजोबा, तुम्ही हे कधीच ऐकलं नव्हतं?"

माझ्याऐवजी कमळीच बोलली. "कुठनं ऐकणार? गाडी येती आठला, हे जातात सातला. सुटीदिवशी घोरत असतात. ताई बादली घेऊन पळायची, तेच गाणं दिवसभर तोंडात ऱ्हायचं तिच्या. दाजी, खरं सांगा, एकेचाळीस वर्षांत एकदा तरी कचरा टाकला का?"

मी कार्यक्रम छान झाला एवढंच म्हणालो. लंबूनं गाणं वहीत कायम केलं म्हणे. परदेशात वाजवणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर 'पोट बिघडलं' म्हणून कळवलं आणि साडेसातपासून बादली घेऊन दारात उभा राहिलो. एकट्या माणसाचा कचरा तो कितीसा? चहाची पावडर, दोन कांद्यांची सालं, बिस्किटाचा कागद. आठला वळणावर गाणं सुरू झालं. गाडी दारात आली, थांबली. मी ऐकत राहिलो.

"आजोबा," ड्रायव्हर ओरडला, "टाकताय ना?"

मी हात करून गप्प केलं त्याला, कडवं चाललं होतं. त्यानं कपाळाला हात लावला आणि गाडी काढली. पार देवळापलीकडे गाणं ऐकू येईनासं झालं तेव्हा मी घरात आलो आणि बादली ठेवायला वाकलो, तर ती भरलेलीच!