चुन्याचे दगड

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावामागचा राखीव माळ तुम्ही पाहिला, तर म्हणाल, यात काय पाहायचंय? कुसळी गवत, बोरी, खुरट्या बाभळी. पण हिवाळ्यात तिथं लांडगीण पिल्लं घालते. ती जागा फक्त मेंढपाळांना माहीत असते आणि ते ती तोंडातून काढत नाहीत. कोकरू गेलं तरी शिव्या देतील, बीळ दाखवणार नाहीत.

बिळाच्या बाजूला कुणी शेळ्या घालू नयेत म्हणून ते वाटेवरच्या दगडांना चुना फासतात. पांढरा दगड दिसला की कळप मागं वळवायचा. कुणी कुणाला काही विचारत नाही.

माझा चुलता त्यांच्यातलाच. मी शाळेत शिकवते आणि माझी मैत्रीण त्याच शाळेत. बारा गावचं पाणी प्यायलेली, बोलायला फटकळ, पण माळावर माझ्यापेक्षा कडक. पायवाट सोडू नका, गाणी लावू नका, कचरा परत न्या, पिल्लांचे फोटो काढू नका, ही पाटी तिनंच रंगवली. एकदा वेफर्सचं पाकीट टाकणाऱ्या जोडप्याला तिनं अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं होतं. मला तिचा केवढा अभिमान वाटायचा!

गेल्या हिवाळ्यात काकानं आपणहून विचारलं, "पोरी, पिल्लं बाहेर येऊन राहिली. पाहायची का?" मैत्रीणही सोबत होती. त्यानं तिच्याकडे जरा पाहिलं. "तुझी मैतरीण हाय म्हणून दाखवतो. बाकी कोनाला सांगू नका." तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. आम्ही लांबूनच, बोरीआडून पाहिलं. तीन पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. परत येताना तिचे डोळे भरून आले होते. ते पाणी खरं होतं, असं मला अजूनही वाटतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

दहा-बारा दिवसांनी शाळेतल्या शिपायानं मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. आमच्या मैत्रीणबाई एकट्याच पुन्हा जाऊन आल्या होत्या. बिळापासून हातभरावर बसून कुजबुजत होत्या, "फक्त तुमच्यासाठी." खाली कमेंटमध्ये कुणी वाट विचारली, तर उत्तरही तिचंच. पांढऱ्या दगडांपर्यंत सरळ या, तिथून डावीकडे ओढ्यात उतरा.

थांबा म्हणून फासलेला चुना तिनं पत्ता म्हणून सांगितला होता.

रविवारी माळावर गाड्याच गाड्या. मी आणि काका धावत गेलो तोवर बिळाभोवती जत्रा भरली होती. एक बाप लेकराला खांद्यावर घेऊन आत बॅटरी मारत होता. आत काही नव्हतं. बिळाच्या तोंडाशी बिस्किटांचा फोडलेला पुडा तेवढा पडला होता. लांडगिणीनं पिल्लं कुठं नेली, तिन्ही नेता आली का, कुणाला कळलं नाही. काकानं तो पुडा उचलला आणि माझ्यासाठी न थांबता घरची वाट धरली.

सोमवारी मी तिला स्टाफरूममध्येच गाठलं. ती जराही वरमली नाही. "अगं, लोकांनी पाहिलंच नाही तर त्यांना प्रेम कसं वाटेल? आणि मी कचरा टाकला का? गाणी लावली का?" पाटीवरचे सोयीचे तेवढे नियम पाळून तिनं केसानं गळा कापला होता. मी डबा उचलला आणि वर्गात जाऊन जेवले. तेव्हापासून तिथंच जेवते.

यंदा थंडी पडल्यावर मी काकाला विचारलं, "काका, यंदा कुठंशी हायत?"

तो शेळ्यांकडे बघत राहिला. "न्हाई बा. यंदा काईच दिसलं न्हाई."

"खरंच?"

"मी काहून खोटं बोलू?"

आणि रोजची ओढ्याकडची वाट सोडून त्यानं कळप टेकडीला लांबचा वळसा घालून नेला. मला कळायचं ते कळलं. यंदा पिल्लं आहेत, याचा आनंद झाला. पण ज्यानं मला कडेवर घेऊन हा माळ दाखवला, त्यानं माझ्या तोंडावर खोटं सांगितलं, आणि ते बरोबरच केलं. तिचा व्हिडिओ तर तिनं कधीच काढून टाकलाय, पण काकाची वाट माझ्यासमोर अजून लांबूनच जाते.