राणीनं मोडलेला हुकूम

"कुत्रीला हाक मारायची न्हाई. ती ड्यूटीवर हाय!" मेजरांचा हा दम मलकापुरात आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं खाल्लाय.

मेजर म्हणजे खरे हवालदार. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. फौजेत त्यांनी कुत्री शिकवलेली. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तेव्हा त्यांनी गल्लीतलीच एक तांबडी कुत्री धरली, तिच्या अंगावर चामड्याचा पट्टा बांधला आणि पट्ट्याला वेताची मूठ लावली. आमच्याशी गावरान बोलणारे मेजर तिच्याशी मात्र हिंदीत बोलायचे. "राणी, दायें! राणी, थम!"

बायको वारल्यापासून पुण्याच्या मुलाचा एकच धोशा होता, आबांना घेऊन जातो. मेजरांना गाव सोडायचं नव्हतं. शेवटी त्यांनी निरोप धाडला, "दिवाळीला ये. हायवे ओलांडून स्टँडवर एकटा तुला घ्यायला येतो. न्हाई जमलं तर तुझ्यासंगं पुण्याला चाललो."

आता अडचण राणीची नव्हती हो, आमची होती. दारातल्या कुत्र्याला चतकोर भाकरी टाकल्याशिवाय आम्हा बायकांना चैन पडत नाही. त्यामुळं मेजर सरावाला निघाले की राणी स्टँडची वाट धरायची आणि दर दाराशी थांबायची. एकदा माझ्या पिठाच्या गिरणीसमोर उभे राहून मेजर रुबाबात विचारतात, "पुण्याची गाडी लागली का वो?"

मी म्हटलं, "आवं मेजर, इथं नुसती ज्वारी लागते!"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. ते मात्र हसले नाहीत. "वैनी, तुमच्या भाकरीपायी मला गाव सोडाय लागंल," म्हणाले. फार वाईट वाटलं मला. त्याच दिवशी दारोदार हिंडून मी सगळ्या बायकांना दम भरला. राणीला खायला घालायचं ते फक्त मेजरांनी, त्यांच्या घरी.

मुलगा यायच्या दिवशी आम्ही चौघीजणी लांबून त्यांच्या मागं गेलो. राणी एकाही दाराशी थांबली नाही. हायवेवर मेजरांनी कान दिला. सगळं शांत. "राणी, चल!"

राणी हलेना. "चल!" ती उलट आडवी झाली, त्यांच्या गुडघ्यांना अंग लावून. संपलं, म्हटलं, चालले आमचे मेजर.

तेवढ्यात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतारावर सोडलेली, गावोगावची माणसं भरून नेणारी वडापची जीप समोरून सुसाट गेली. ना आवाज, ना हॉर्न.

मेजरांच्या अंगावर नुसता वारा आला. ते खाली वाकले आणि पहिल्यांदाच तिच्याशी आपल्या बोलीत बोलले, "हुकूम मोडलास की गं बाय माजा!" जन्मभर हुकूम पाळलेल्या त्या माणसाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मग पुन्हा "चल" म्हणाले, आणि दोघं सरळ पलीकडे गेले.

पलीकडे मुलगा उभा. त्यानं सगळं पाहिलं होतं. बॅग टाकून तो बापाच्या गळ्यात पडला, आणि अलीकडे आम्ही चौघी वेड्यासारख्या हसतही होतो, रडतही होतो.

मेजर आता नाहीत. गेले ते मलकापुरातच, स्वतःच्या घरात.

मला आठवतं ते दिवाळी करून मुलगा परत निघाला तेव्हाचं. मेजर राणीला घेऊन त्याला गाडीत बसवायला आले होते. गाडी हलली, तसा तो खिडकीतून ओरडला, "आबा, सावकाश घरी जावा!"

परसात जायचं म्हटलं तरी बापाचा हात धरणारा हा मुलगा.